चौकटीवरची खडूची ओळ

मी इस्लामपुरात एका घराला गिलावा करत होतो. शेजारचा दगडू साताऱ्याहून मोटारीनं आला, माझ्या घमेल्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, थापी ठेवा. घरला चला." पुढं बोलेना. माझी बायको मार्था गेली हे मला तिथंच कळलं...

त्याला आता काही आठवडे झाले. मी गवंडी माणूस, शाळा तिसरीपर्यंत. नीट लिहिता येत नाही. पण तिच्यासारखं माणूस मी दुसरं बघितलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही ख्रिस्ती. नाताळ झाला की तीन राजांचा सण येतो. ताऱ्यामागं चालत बाळ येशूला शोधायला आले ते राजे. त्या दिवशी पाद्रीसाहेब घरी येतात, खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतात आणि दाराच्या चौकटीवर खडूनं एक ओळ लिहितात: सालाचे आकडे, तिन्ही राजांच्या नावांची अक्षरं, मधे क्रूस. ती ओळ वर्षभर घर राखते. पुढच्या सणाला जुनी पुसायची, नवी लिहायची. मार्थाला अक्षर कळत नव्हतं, पण त्या ओळीवर तिचा जीव. नाताळात मी घराला चुना लावायचो तेव्हा ही खाली उभी. "चौकटीवर एक थेंब उडवा, मग बघा भाकरी मिळते का." म्हणून चौकटीभोवती दोन बोटं भिंत कायम कोरी. मिस्त्रीचंच घर अर्धं रंगवलेलं, म्हणून गल्ली हसायची.

आमचा एकुलता योहान लढाईवर ब्रह्मदेशाकडं गेला. त्या वर्षीच्या ओळीखालून गेला. मागून तार आली, पोरगा बेपत्ता. भाऊबंद गोळा झाले. म्हणाले, मिस्त्री, आता त्याच्या नावानं प्रार्थना करून घ्या. खरं सांगतो, मीही आशा सोडली होती. मार्था ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "आलाय तर जेवून जावा. माझं पोरगं जित्तं हाय."

पुढचा सण आला. पाद्रीसाहेब ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढायला लागले, तर ही दारात आडवी.

"जुनं पुसू नका, साहेब. पोरगं ह्याच्याखालनं गेलंय, ह्याच्याखालनंच आत यील."

साहेब हसले. "मार्थाबाई, आशीर्वाद काय खडूत असतो?"

"न्हाई ना? मग पुसायची घाई कशाला?"

साहेबांनी नवी ओळ खाली लिहिली. नंतर दर सणाला खालची बदलली, वरची तशीच राहिली. लढाई संपली. आसपासची पोरं आली, काहींची नाही आली... ही रोज एकदा वर बघायची आणि कामाला लागायची.

आणि एका दुपारी योहान अंगणात उभा. नुसता सापळा. मी धावलो. मार्था पिठाच्या हातानं उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. रडणं नाही, काही नाही.

"थांब तितंच. वर बघ."

त्यानं वर बघितलं. पुसट झालेली ती ओळ होती. पोरगं मटकन खाली बसलं आणि हुंदके देऊन रडलं.

"आता ये आत," ती म्हणाली. त्याला पाणी दिलं, मग स्टूल ओढलं आणि स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली. "पोचलं पोरगं. झालं हिचं काम."

यंदा सणाला पाद्रीसाहेब आले, आणि या खेपेला दारात मी आडवा झालो. "पुसू नका. तिच्या मयताची पेटी ह्याच्याखालनं गेलीय." साहेबांनी फडकं खाली घेतलं. हसले नाहीत.

योहान मागं उभा होता. हळूच म्हणाला, "आबा, आईनं माझी ओळ कवा पुसली?"

"तू घरी पोचलास तवा."

"मग... आई पोचली न्हाई व्हय?"

साहेबांच्या हातातलं फडकं घेतलं, मीच वर चढलो आणि ती ओळ पुसली. आयुष्यभर भिंतींवर हात फिरवला, पण इतक्या सावकाश कधी नाही.

यंदा नाताळात चुना लावायचा राहिला होता, तो परवा लावला. चौकटीपाशी आलो आणि कुंचला आपोआप थांबला. दोन बोटं भिंत तशीच कोरी ठेवली. गल्लीला हसायचं तर हसू दे.