कव्हरांचा डबा

माझ्या दुकानात बाकाखाली फरसाणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यात लोखंड कापायच्या सगळ्या ग्राइंडरची कव्हरं पडलेली असायची. नवीन मशीन आणलं की पहिल्याच दिवशी पान्हा लावून चकतीवरचं ते अर्धगोल कव्हर काढायचं आणि डब्यात टाकायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. कव्हर कोपऱ्यात आडवं येतं, चकती खोल जात नाही, कामाला वेळ लागतो. चारोटीला मी वीस वर्षं गेट आणि खिडक्यांचे ग्रील करतोय. स्वभाव घाईचा आणि तोंड फटकळ, त्यामुळे मला एवढं कारण पुरेसं होतं.

गंजाडच्या एका पाड्यावरून एक बाई माझ्याकडे कामाला यायची. तिचा नवरा गुजरातच्या मासेमारी बोटीवर खलाशी, एकदा गेला की होळीलाच घरी. ती पाइप उचलायची, रंग मारायची, दुकान झाडायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की वाकडेपणा तिला माझ्या आधी दिसतो. गेट चुकीचं जोडलं गेलं की ती मान तिरकी करून त्याच्यासमोर उभी राहायची. मी चिडून काटकोन तपासायचा गुण्या लावायचो आणि दर वेळी तीच बरोबर निघायची. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "शेठ, मला मशीन शिकवा. पाइप उचलून जन्म काढायचा नाय मला."

मी हो म्हटलं, पण तिचे हात बघून अडलो. दोन्ही मनगटांवर काचेच्या बांगड्या. ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. पदर, केस, दोरा, जे सापडेल ते ओढून घेते. पदर खोचून वर माझा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला, मंगळसूत्र आत टाकून गळ्यापर्यंत बटणं लावायला ती एका पायावर तयार होती. बांगड्यांचं नाव काढलं तसे तिने हात मागे घेतले. नवरा दर्यावर असताना हात मोकळे करायचे, हे तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि तिला जमलं असतं तरी सासूला चाललं नसतं. मला राग आला. काच नसेत शिरली तर नवऱ्याला मी काय तोंड दाखवू, असं फाडकन बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची सासू आली.

म्हातारी शेअर रिक्षातून उतरली तीच भांडायच्या तयारीने. मी तिला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि बांगड्या का नकोत ते पटवायला मशीनची शिकवणी सुरू केली. मशीन दोन्ही हातांनी धरायचं. चकतीच्या रेषेत तोंड न्यायचं नाही. चकती बदलताना आधी बोर्डातली पिन काढायची. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि चकती पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवायचं नाही. घामाने धुरकटतो म्हणून माझा स्वतःचा चष्मा बहुतेक वेळा कपाळावरच असतो, एवढं मात्र सांगितलं नाही. म्हातारी ऐकत होती, पण तिची नजर फळीवरच्या मशीनच्या खोक्यावर होती. खोक्यावर मशीनचं रंगीत चित्र होतं.

"त्या चित्रात चाकाला टोपी हाय," ती म्हणाली. "तुमच्या चाकाला कुठं हाय?"

आमचा हात बसलेला आहे, आम्हाला लागत नाही, असं मी सांगून पाहिलं.

"मंग माझ्या सुनेचा पण बसेल. बांगड्यांसकट."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चहा आला, तो आम्ही दोघांनी प्यायला. मग मी बाकाखालून डबा ओढला. एकमेकांत अडकून गंजलेली ती कव्हरं बघून म्हातारीने नुसती मान हलवली. सौदा तिनेच ठरवला. मी एकूण एक चाकाला टोपी बसवायची, माझ्या स्वतःच्यासुद्धा. सून दुकानात आल्यावर बांगड्या काढेल आणि पायरी उतरायच्या आत परत घालेल. मी विचारलं, आणि तुमचा मुलगा दर्यावर आहे त्याचं काय?

"दर्याला मी सांगते," म्हातारी म्हणाली.

त्यानंतर तो डबा घासूनपुसून बांगड्यांचा झाला. रोज सकाळी सून हाताला साबण लावून बांगड्या उतरवायची. त्या अगदी मापाच्या, घट्ट, त्यामुळे काढता-घालताना एखादी हमखास वाढायची. तसं झालं की तिचा चेहरा उतरायचा. जेवणाच्या सुट्टीत ती बोटीवर फोन लावायची आणि तो बहुधा लागायचा नाही. तरी काम सोडलं नाही. महिनाभरात तिचा कट माझ्यापेक्षा सरळ यायला लागला, हे मी अजून कोणापुढे कबूल केलेलं नाही. मी मात्र कव्हरला रोज शिव्या घालत होतो. ते काढायला पान्हा शोधला की पान्हा तिच्या शर्टाच्या खिशात सापडायचा.

होळी आठवड्यावर आली होती आणि नरपडच्या एका चिकूवाडीचं गेट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. आदल्या दिवशी माझ्या हातून एक चकती फरशीवर पडली होती. पडलेली चकती वापरायची नसते, तिला न दिसणारी चीर गेलेली असते, हे मीच तिला शिकवलेलं. घाईत मी तीच लावली. पाइपात ती जराशी तिरकी झाली आणि फाडकन फुटली. मशीन बंद करून बघतो तर निम्मी चकती नाहीशी. कव्हरला माझ्या तोंडाच्या बाजूने अंगठ्याएवढा पोचा आला होता. मी चेहऱ्यावरून हात फिरवून पाहिला. तिने येऊन आधी पिन काढली, मग मला पाणी दिलं. दोन शब्द ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ते कव्हर घेऊन घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही डोळे नीट पाहिले. मग आपल्या हातांतल्या बांगड्यांकडे बघत बसली.

"त्या बाईंच्या हाताचं माप काय आहे?" तिने विचारलं.

मला ते कुठून माहीत असणार? दुसऱ्या दिवशी डब्यातली एक बांगडी मागून घरी नेली. बायकोने डहाणूच्या बाजारातून दोन डझन हिरव्या बांगड्या आणल्या, मुद्दाम एक माप मोठ्या. साबणाशिवाय उतरणाऱ्या.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा नवरा बोटीवरून थेट दुकानात आला, पाठीला पिशवी तशीच. ती पाठमोरी पाइप कापत होती. मी तिच्यासमोर जाऊन दाराकडे खूण केली. तिने ओझरतं पाहिलं, कट पुरा केला आणि बटण बंद केलं. चकती पूर्ण थांबेपर्यंत मशीन दोन्ही हातांत तसंच धरून ठेवलं. मग पिन काढली, चष्मा काढला, डबा उघडला आणि त्या नव्या हिरव्या बांगड्या घालून त्याच्याकडे वळली.