मामांची परीक्षा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी भेंडी चिरत होते. फोन ठेवला आणि उरलेलीही चिरून टाकली. त्याला आता सहा आठवडे झाले. मूर्तिजापूरला जाऊन माती देऊन आले, पण रडू म्हणून आलेलं नाही. आत सगळं बधिर आहे… दाढ काढल्यावर गाल असतो तसं.

वडील गेल्यावर मामा-मामींनीच मला वाढवलं. मामा शाळेत लिपिक होते आणि घरात रोज संध्याकाळी प्रार्थना घ्यायचे. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांस परीक्षेत आणू नको' ही ओळ आली की मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे, कारण मला वाटायचं, आपण देवाला घटक चाचणी रद्द करायला सांगतोय. हे कळलं तेव्हा मामा हसून हसून बेजार झाले. "थे परीक्षा नाही ना पोरी," ते म्हणाले, "मन घसरते, थे परीक्षा. तिचं टाइमटेबल नाही येत." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

दहावीला गणितानं माझा जीव खाल्ला. बोर्डाच्या पेपरला मामांची नेमणूक आमच्याच शाळेच्या कार्यालयात होती. वाटून उरलेल्या प्रश्नपत्रिका त्यांच्याच टेबलावर राहायच्या, आणि गणित त्यांचं पक्कं. आदल्या संध्याकाळी मामी म्हणाली, "एक चिठ्ठी पोचवली तं काय बिघडते? बिनबापाची पोर हाये." मामांनी खिशातला बायबलचा नवा करार काढला आणि रानात उपाशी असलेल्या प्रभूला सैतान मोहात पाडू पाहतो, तो अध्याय वाचायला लागले. प्रभू दर वेळी शास्त्रातलंच वचन पुढे करतो… मला भयंकर राग आला.

"शास्त्रात माह्या गणिताचं काय लिवलं हाये, मामा?"

"काहीच नाही लिवलं," ते म्हणाले. "म्हणून तं वाचून राहिलो."

दुसऱ्या दिवशी पेपरभर मी दाराकडे पाहत बसले. कोणी आलं नाही. मी नापास झाले, वर्ष गेलं, मैत्रिणी पुढे निघून गेल्या. "तुमाले सोपं हाये, वचन वाचलं की झालं," असं मी मामांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे मी पास झाले, नोकरी लागली, लग्न झालं; पण मामांशी माझं बोलणं नाताळच्या फोनपुरतंच राहिलं. तो राग मी जपून ठेवला होता, हे आज कबूल करायला हवं.

गेल्या आठवड्यात मामीनं तो नवा करार माझ्या हातात दिला. रानातल्या त्या अध्यायापाशी घडी घातलेला एक कागद होता. वर माझा बैठक क्रमांक, खाली मामांच्या तिरप्या अक्षरात सोडवलेली उदाहरणं. चिठ्ठी लिहून झाली होती… फक्त कार्यालयातून माझ्या वर्गापर्यंत आली नव्हती. उघडून-मिटून कागद घड्यांवर विरला आहे. म्हणजे त्यांना सोपं गेलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

मी पेन घेऊन बसले आणि एकेक उदाहरण तपासलं. सगळी बरोबर होती.