उभ्या लाटेपाशी

लाट येते आणि जाते, एवढीच माझी समजूत होती. माझी लेक इकडे परदेशात टौरंगाच्या समुद्रावर सर्फिंग करायची तेव्हा मी वाळूत बसून डबा खायचो. घाबरायचो, पण बेतानं. मग तिला नदीतल्या लाटेचं वेड लागलं. वायकाटो नदीच्या एका वळणावर पाणी खडकावरून कोसळतं आणि पुढे लाट उभी राहते. ती जागची हलत नाही, पाणी तेवढं तिच्यातून धावतं. समुद्र निदान किनाऱ्याला आणून टाकतो. नदी पुढे नेते. मला पहिल्या दिवसापासून ते बघवत नव्हतं.

शिकवणाऱ्यानं सगळ्यांना बजावलं होतं: पडलात तर उभं राहायचं नाही, पाय खडकांत अडकतो. पाठीवर झोपून, पाय वर ठेवून वाहत जायचं. मी इथल्या लोकांसारखं 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे 'एकदम ठीक', म्हणून मान डोलावली. ऐकलं कुणी? मी पुण्याच्या कालव्यात पोहायला शिकलेला माणूस. पाय टेकले की जीव वाचला, एवढंच आमचं शास्त्र.

त्या शनिवारी ती लाटेवर छान डुलत होती आणि एकदम दिसेनाशी झाली.

"पाय टेक! उभी राहा!" मी बोंबललो. डोकं वर आलं, पण ती उभी राहीना. हात पसरून, उताणी, माझ्याच दिशेनं वाहत येत होती. गेली पोरगी, असंच वाटलं. मी पायातल्या रबरी चपलांसकट, जांडल्ससकट, पाण्यात उतरलो.

कमरेएवढंच पाणी होतं. दोन-चार पावलांतच पाय खडकांच्या फटीत गेला आणि रुतला. ती माझ्या बाजूनं वाहत पुढे गेली. डोळे उघडे, जिवंत! तेवढ्यात पाण्यानं मागून असा रेटा दिला की माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. मी उभा राहायला बघत होतो, नदी मला वाकवत होती. शिकवणारा काठावरून ओरडत होता, पण एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. आता आपण मरणार आणि ती बघणार, एवढंच कळत होतं.

"बाबा! मागे! मागे सरक!"

शाळेत जायला लागल्यापासून जिनं मला मराठीत उत्तर दिलं नव्हतं, ती पुढे काठाला लागून आता माझ्याकडे धावत येत होती.

"पाय काढ! आता झोप पाण्यावर!"

मी जीव खाऊन मागे रेटलं. पाय सुटला, जांडल नदीनं नेली. उताणा पडलो. शिकवणाऱ्यानं फेकलेला दोर छातीवर आला, तो घट्ट धरला.

परतताना गाडी तिनंच चालवली.

"मराठीत कशी ओरडलीस?" मी विचारलं.

"यू डोन्ट हिअर इंग्लिश व्हेन यू आर स्केअर्ड, बाबा."

"मी अजून घाबरलेलोच आहे."

मग आमचं उपनगर 'ते रापा' येईपर्यंत ती चुकतमाकत मराठीत बोलत राहिली.