पुरवणीतला प्रांत

आज सकाळपासून तुम्ही किती जणांची वाक्यं मध्येच तोडून स्वतः पुरी केलीत? आठवून पाहा. तोवर मी एका प्रांताची गोष्ट सांगते. तो प्रांत कुठल्याही नकाशात नाही, आणि तिथं हा गुन्हा आहे.

अंबडला आमच्या घरी वडील शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहीत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. गणपतीचा ‘ग’ यायच्या आधी मला मागण्यांचा ‘म’ येत होता. मी दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याचं भाषण होतं, ती खोड तेव्हाची.

अकरावीला माझी मामेबहीण शहागडहून आमच्याकडे शिकायला आली. ती अडखळत बोलायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि उंबऱ्यातच थांबायचा. तो सुटला की मात्र तिखट असायचा. पण तोवर थांबतो कोण? मास्तर पुढच्या बाकाकडे वळत. किराणावाला अंदाजानंच काहीतरी पुडीत बांधून देई. साखर मागितली आणि साबुदाणा आला, हा आमच्या घरचा ठरलेला विनोद होता, आणि तो तीच सांगायची.

आमच्या वर्गात कापडवाल्या मारवाडी घरातली एक मुलगी होती. तिला आम्ही शेठाणी म्हणायचो. तिचा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत येताना त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि कधी न पाहिलेले फासे आणले. एकाला तर वीस बाजू. खेळ असा की एकीनं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दरी आहे, काय करता? आपण काय करणार ते सांगायचं, फासा टाकायचा आणि फासा म्हणेल तसं पुढं जायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळं जग बोलण्यातून उभं राहायचं.

दुकानावरच्या माडीत, कापडाच्या ताग्यांना टेकून आम्ही खेळायला बसलो. शेठाणी गोष्ट चालवत होती, तिचा भाऊ आणि आम्ही दोघी खेळत होतो. पुस्तकातल्या जगात जिकडेतिकडे बर्फ. बर्फ आम्ही पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर. तरी मी हरखून गेले होते. एवढ्याशा माडीत एवढा मोठा डोंगर कसा मावला, मला कळेना.

पण पुस्तकात एक नियम होता. पाळीला वेळेची मर्यादा. त्यासाठी शेठाणीनं वाळूचं छोटं घड्याळ मांडलं होतं. वाळू संपली की पाळी गेली. मामेबहिणीची पाळी गेली. पुन्हा गेली. नंतर एका लांडग्यानं तिच्या पात्राला उचलून नेलं. एक वाक्यही न बोलता ती गोष्टीत मेली.

जिना उतरताना ती म्हणाली, “उद्यापासून मी न्हाई येणार.” हे वाक्य तिनं न अडखळता म्हटलं, म्हणून मला भीती वाटली.

मी तशीच उलट पावली वर गेले. “हा अन्याय आहे! ज्याची जीभ पळते त्याचंच राज्य?”

“अगं बाई, मोर्चा खाली ठेव,” शेठाणी म्हणाली. “नियम मी केला का? पुस्तकातला आहे.” मग तिनं शेवटची पानं उलटली. “पण हे बघ. कुणी आपला वेगळा प्रांत रचला तर त्याची पुरवणी लिहायची. त्या प्रांतात पुरवणीतला नियम पुस्तकापेक्षा मोठा.”

“मंग आपण प्रांत लिहू!”

घरी येईपर्यंत मला दुसराच राग आला होता. मामेबहीण मेथी निवडत होती. तिच्यापुढं मी तणतणले, “आपला मुलूख लिहायचा तोही पुरवणीत! आपण काय कायम मागून जोडलेलेच?”

“प… परीक्षेत,” ती म्हणाली, “पुरवणी कोण मागतं?”

मी तिच्यापुढची एक जुडी ओढून घेतली.

“ज्याचं सांगून… झालं न्हाई, तो.” तिनं मेथीची काडी मोडली. “मी लिहिते तुझ्यासंगं. पण भा… भाषण नको.”

पत्रकांची मागची बाजू कोरी असायची. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर आम्ही प्रांत लिहायला घेतला. मी लिहिलं, ‘या प्रांतात राजा नाही. खजिना सर्वांचा आहे.’

शेठाणीनं वाचून कपाळावर हात मारला. “राजा न्हाई, लूट न्हाई. मंग खेळायचं काय, सत्यनारायण?”

“नदी ठेवा,” मामेबहीण म्हणाली. “नदी बघू मी.”

आणि नदी बघायलाच एका रविवारी ती आम्हा दोघींना एसटीनं शहागडला घेऊन गेली. पुलावरून ट्रक धडधडत होते. आम्ही पूल सोडून बरंच वर, तिच्या मळ्याच्या बाजूला गेलो. गोदावरी तिथं रुंद आणि गप्प होती. होडी पलीकडच्या काठाला होती, होडीवाला कुठं दिसत नव्हता. मामेबहिणीनं तोंडाला हात लावले आणि हाक मारली.

“होऽऽऽऽ!”

तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. आमच्या घरात भाजी निवडणाऱ्या मुलीचा तो नव्हताच. पाण्यावरून तो सपाट, न थांबता निघाला. शेठाणी माझ्या कानाशी कुजबुजली, “ही अडखळली न्हाई गं.” पलीकडे काही हललं नाही.

“पुन्हा मार की,” मी म्हणाले.

“थांब. प… पोचू दे.”

ती नुसती उभी राहिली. आम्हीही उभ्या राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडून बारीक “होऽऽ” आलं आणि एक माणूस बाभळीखालून उठला.

परतीच्या एसटीत, मांडीवर पत्रक ठेवून, शेठाणीनंच नियम लिहिला: ‘या प्रांतात बोललेला प्रत्येक शब्द नदी ओलांडून येतो. तो पोचेपर्यंत कुणी बोलू नये. जो मध्ये बोलेल त्याची होडी बुडेल.’

परीक्षेतल्या पुरवणीसारखी ती पानं आम्ही दोऱ्यानं बांधली. वडिलांनी चष्मा वर करून सगळी वाचली. “यात मागण्या कुठंयत?”

मी नियमावर बोट ठेवलं.

“एकच?”

“एकच.”

“मंग मान्य होईल,” ते म्हणाले.

पुन्हा त्याच माडीत बसलो तेव्हा शेठाणीनं वाळूचं घड्याळ आडवं करून ताग्यामागं सरकवलं. गोष्ट सुरू झाली. आमची टोळी नदीकाठी पोचली. माझ्या पात्रानं होडीसाठी हाक मारली. नदी मामेबहिणीनं मागून घेतलेली, म्हणून पलीकडे काय आहे हे सांगायची पाळी तिची होती.

“प… प…”

शेठाणीच्या भावानं तोंड उघडलं. शेठाणीनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. “बुडशील!”

खाली दुकानात मीटरपट्टी आपटल्याचा आवाज येत होता. आम्ही थांबलो. मला बोलायचं होतं, तिच्या हक्कांबद्दलच बोलायचं होतं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओठ मिटून घेतले.

“पलीकडं… कुणी न्हाई,” ती म्हणाली. “होडी बी न्हाई. पण उ… उत्तर आलं.” शब्दाशब्दानं काठ पुढं सरकत होता, धुकं दिसत होतं, दगड दिसत होते. “आवाज… हिचाच आहे. हिनंच मारलेली हाक. परत आली. पण ती… म्हातारी होऊन आली.”

नव्वद वर्षांची मी पलीकडून मलाच बोलावते आहे, हे मला माडीत बसून ऐकू आलं. पुस्तकातला सगळा बर्फ त्यापुढं गोळ्याच्या गाडीवरचा वाटला.

शेठाणीच्या हातात फासा तसाच होता. “टाकू का?” तिनं हळूच विचारलं.

“नको,” मामेबहीण म्हणाली. “अजून माझं… झालं न्हाई.”

त्या दुपारी तिचं बराच वेळ झालं नाही, आणि कुणालाच ते संपावं असं वाटलं नाही. ती आजही अडखळते. किराणावाला आजही साबुदाणाच बांधतो. ती पानं माझ्याकडे आहेत. उजेडात धरली की नदीच्या आरपार वडिलांच्या मजुरीवाढीच्या मागण्या दिसतात.

तेव्हा माझीही एकच मागणी. आज तुमच्या घरात, दुकानात, वर्गात कुणी शब्दापाशी थांबलं आणि तो शब्द तुमच्या जिभेवर तयार असला, तरी देऊ नका. हातातलं काम खाली ठेवा, त्या माणसाकडे बघा आणि हाक पोचेपर्यंत थांबा.