तोंड गावाकडे

पुण्यातल्या एका नव्या हॉटेलाला भिंतींसाठी ‘अस्सल खेडं’ हवं होतं. ते आणायला मी चित्रकार म्हणून निघालो, जणू खेडं पिशवीत भरून मिळतं. उमरग्याहून बसनं सीमा ओलांडली, पाट्यांवर कानडी अक्षरं आली आणि खजुरीला उतरलो.

मुक्काम शिवप्पा नावाच्या शेतकऱ्याकडे. त्यांचा मुलगा हैदराबादला बांधकामावर. घरात सून संगव्वा आणि तिची तीन वर्षांची पोर. संगव्वानं भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) वाढली. तिखट चालतं, अशी बढाई मारून मी तांब्याभर पाणी संपवलं.

गावात तापाची साथ होती, म्हणून आदल्या दिवशी मरीआईचा गाडा शिवेवर सोडला होता. गाडा म्हणजे गुडघ्याएवढी लाकडी गाडी. आत देवी, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं. देवी साथ घेऊन बाहेर जाते. पुढचं गाव तिला आपल्या शिवेपार ढकलतं. मला वाटलं, सापडलं खेडं.

शिवेवर पोचलो तर देवी पाठमोरी. पलीकडे जाऊन बसलो असतो तर तोंड दिसलं असतं. पण पलीकडे ऊन होतं आणि अलीकडे कडुलिंबाची सावली. मी गाडाच फिरवला.

चित्र झकास झालं. उन्हं कलताना शिवप्पांच्या ओट्यावर ऐटीत दाखवलं. चार माणसं जमली, बांगड्यांचंही कौतुक झालं. मग शिवप्पा चित्राजवळ वाकले.

“देवीमागं ही चिंच पल्याडच्या शिवारातली हाय. म्हंजे तोंड गावाकडं. कामून?”

मी प्रकाशयोजना समजावू लागलो. कोणी ऐकत नव्हतं. एकेक जण उठून घराकडे गेला. संगव्वा दारात उभी होती, पोर खांद्यावर निपचित.

“अण्णा, तुमी चित्राला गेलाव, तवाच हिला ताप भरला,” ती म्हणाली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे मी स्वतःला शिवेपर्यंत सांगत गेलो. शिवप्पांनी बजावलं होतं, ज्यानं फिरवला त्यानंच परत फिरवायचा आणि येताना मागं बघायचं न्हाई. ते पोरीला दवाखान्यात न्यायला जीप बघत होते. चाक खाचेत रुतलेलं. जोर लावला, तसं एक लिंबू गावाच्या दिशेनं गडगडलं. चाळिशीतला मी, त्याच्यामागे उंदरामागच्या मांजरासारखा धावलो.

परतीला पाठीमागे पावलं वाजू लागली. मी थांबलो की थांबत. तरी वळलो नाही. वेशीपाशी पावलं मला ओलांडून पुढे गेली. ती संगव्वा होती. तापलेली पोर सासऱ्याकडे देऊन, मी गाडा नीट फिरवतोय का, हे ती बघायला आली होती.

“आता बराबर हाय,” एवढंच म्हणाली आणि समोर आलेल्या जीपकडे धावली.

आळंदच्या डॉक्टरनं सुई टोचली. सकाळी पोरीनं भाकरी मागितली, तेव्हा कुठं मी चहा घेतला. पहिलं चित्र संगव्वानं चुलीत घातलं.

पुण्यात मी तेच दृश्य पाठमोरं रंगवलं. हॉटेलवाले म्हणाले, तोंड हवं. मी नकार देऊन ते घरीच टांगलं. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे जोशी राहतात आणि देवी सरळ त्यांच्या घरात बघतेय. त्यांच्या नातवाला खोकला झाल्याचं कळलं, त्या दिवशी मी चित्र उतरवलं. आता ते हातात घेऊन घरभर फिरतोय. जिकडे कोणीच राहत नाही, अशी एकही भिंत सापडत नाही.