तीन राखणदार आणि एक बारसं

समस्त महाड-पोलादपूरकर मंडळी, मुंबईस्थित चाकरमानी भाऊबंद आणि आखातातले सन्माननीय जावई यांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरातील संगणक अत्यवस्थ असून त्याच्या समाचाराला येताना कृपया कुणीही सोबत औषध आणू नये. आहेत तीच औषधं काढायचं काम सुरू आहे.

ही घोषणा मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून, पदर खोचून केली होती. श्रोते दोनच. एक माझा नवरा आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही, यावरून प्रसंग किती बाका होता ते लक्षात यावं. आता मुळापासून सांगते.

आमचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत असतो. महाडात ज्या वस्तूवर जीव आहे ती माणसं वरच ठेवतात, म्हणजे नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तर ऐनवेळी पळापळ नको. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा हा तिच्या मागे राहिला आणि भरतकामाचं झाकण पांघरून बसला. हल्ली बटण दाबलं की आतला पंखा असा घुरघुरायचा, जशी भरलेली एस.टी. कशेडी घाट चढतेय. मग पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र यायचं. मी खाली जाऊन कुकर लावून, कोथिंबीर निवडून वर यायची, तरी चक्र फिरतच असायचं. कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

अडलं ते बारशामुळे.

माझ्या नणंदेला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. ती आणि तिचा नवरा आखातात असतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. सासूबाईंचा पासपोर्ट नाही. तिच्या सासूबाईंचा, म्हणजे तुडीलच्या विहीणबाईंचा होता. तेव्हा त्या गेल्या. आमच्या सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले आणि ते विहीणबाईंच्या बॅगेतून गेले. सासूबाई राहिल्या इथेच. त्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी पितळी भांडी दोनदा घासली.

मग ठरलं की रविवारी दुपारी बारसं करायचं आणि पाळणा सासूबाईंनी इथून म्हणायचा. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. तिथं गेल्या कित्येक वर्षांत एकही बारसं त्यांच्या पाळण्याशिवाय झालेलं नाही. मग स्वतःच्या नातीचं कसं होईल? फोनवर म्हणा की, असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तांदूळ निवडायला घेतले.

"फोनात काय बघू गो? ह्या तांदळातला खडा आन् ती पोर, मला सारखीच दिसतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. "मोठ्या पडद्यावं दाव. कुनावर गेलीय ती, येवढं तरी कळू दे मला."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही रंगीत तालीम घेतली. गुडघे धरत सासूबाई जिना चढून आल्या. कॉल लागला, बाळ दिसलं, बाळाने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि पडदा गोठला. तोंड उघडं ते उघडंच. मग त्याचे चौकोनी तुकडे झाले. कपाळ एका बाजूला सरकलं, हनुवटी दुसऱ्या बाजूला.

"आरे रे रे, काय केलंस रे तिचं!" सासूबाई लेकावर ओरडल्या.

"मी कुठे काय केलं? व्हायरस शिरलाय यात," नवरा म्हणाला.

माझा नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक बिघाडाला एकच प्रश्न विचारायचा असतो: माल आत आणला कुणी? तो प्रश्न त्याने विचारला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. सासूबाईंनी दोघांकडे दुर्लक्ष करून कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

"ताप हाय याला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्यावर लालभडक चौकट उसळी मारून आली. भोंगा वाजायला लागला. तुमच्या संगणकात गंभीर धोका आढळला आहे, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा. नवऱ्याने खिशातून फोन काढलासुद्धा. मी तो काढून घेतला.

"अहो, काय करताय?"

"लिहिलंय ना, ताबडतोब."

"आपला कॉम्प्युटर आजारी आहे हे त्यांना कुणी कळवलं? शेजारणीलासुद्धा अजून ठाऊक नाही!"

मी भोंग्यासकट अख्खा ब्राउझर बंद केला आणि खुर्ची ताब्यात घेतली. मी शाळेत मराठी शिकवते, पण आमच्या शाळेतले कॉम्प्युटर असे आहेत की त्यांच्याशी झटापट केल्याशिवाय निकालपत्रकं निघत नाहीत. त्यामुळे एक गोष्ट मला येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, म्हणजे आत कोण कोण काम करतंय आणि कोण किती खातंय ते दिसतं. मी दाबलं. पाहते तर काय, आम्ही काहीच उघडलेलं नव्हतं आणि तरी आत लग्नाची पंगत बसली होती.

वाढपी कुणी नव्हताच. सगळे जेवणारे. आणि त्यातले तिघे तर हात धुवायचं नावच घेत नव्हते.

पहिला होता थोरल्या दिरांचा अँटिव्हायरस. आमच्याकडे गणपतीला मुंबईची मंडळी येतात. देवाला नमस्कार, हातात मोदक आणि मग जिना चढून थेट कॉम्प्युटरसमोर, हा प्रत्येकाचा शिरस्ता आहे. "काय कचरा करून ठेवलाय रे!" असं म्हणून थोरल्या दिरांनी एका वर्षी हा बसवला. पुढल्या शिमग्याला चुलत दीर आले, तेही "काय कचरा" म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं काहीतरी फुकटातलं बसवलं. त्यानंतर जावई सुट्टीवर आले. ते कुणालाच नावं ठेवत नाहीत. त्यांनी फक्त उसासा टाकला आणि आखातातून आणलेला दुसरा अँटिव्हायरस बसवला, वर्षाची वर्गणीही स्वतःच भरली.

आधीच्याचं मात्र कुणी काढलं नाही. दुसऱ्याने पाहुणचारात दिलेली वस्तू फेकून कशी द्यायची? आमच्याकडे ती रीत नाही. शोकेसमध्ये कुणीकुणी दिलेली सतरा घड्याळं टिकटिकत असतात, तसंच हे. एका दारात तीन राखणदार, आणि जो तो बाकीच्या दोघांना चोर समजून त्यांचे खिसे तपासतोय. घरात कुणी यायला-जायला वाटच नव्हती. बिचाऱ्या नातीला तर नाहीच.

"तिन्ही काढायचे," मी जाहीर केलं. "याचा स्वतःचा, जन्मजात राखणदार आत आहे. हे तिघे गेले की तो जागा होईल. एक पुरतो."

नवरा पलंगावर बसला. "दादाचं कसं काढू? विचारायला पाहिजे."

आणि त्याने खरोखरच मुंबईला फोन लावला, स्पीकरवर. थोरल्या दिरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"टेन्शन नको घेऊस," ते म्हणाले. "माझावाला ओरिजिनल आहे, तो ठेव. बाकीचे उडव."

मग चुलत दिरांना फोन झाला. "दादाचा जुना माल आहे रे," ते म्हणाले. "फेकून दे. माझ्यामुळेच तर तुमचा इतका तरी चालतोय. आणि ते जावयांचं काय ते, फालतू खर्च."

"जावयाचं नाव काडू नको!" सासूबाई फोनवर कडाडल्या आणि फोन बंद झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्या दोगांचं काय करायचं ते कर. घरचीच हायत. पन जावयानं बशिवलेलं काडायचं नाय. बारशाच्या तोंडावं तर नायच नाय. उद्या विचारलं तर काय तोंड दावू?"

इथे आमचं सगळं अडलं. मी दिरांचा राखणदार काढला, चुलत दिरांचा काढला. काढताना त्यांनी इतकी गळ घातली! खरंच जायचं का? का जायचं? थोडे दिवस राहू का? जाताना काही ठेवून जाऊ का? अगदी परतीच्या गाडीची वेळ झालेल्या पाहुण्यासारखं, पिशवी उचलायची, पुन्हा खाली ठेवायची. तरी शेवटी गेले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. कशेडी घाटाऐवजी आता साधा चढ वाटत होता. पण व्हिडिओ लावला की चित्र अजून अडखळतच होतं. जावयांचा राखणदार प्रत्येक चित्र आत सोडण्यापूर्वी त्याला नाव, गाव, कूळ विचारत होता.

मी खरं काय ते सांगितलं. सासूबाई गुडघे धरत खाली गेल्या. शुक्रवारी सकाळी चहा झाला, भाकऱ्या झाल्या, मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"ते काडलं की पोर नीट दिसंल?"

"दिसेल, आई."

"तुकडं नाय व्हनार तिचं?"

"नाही होणार."

त्यांनी ओटा पुसायला घेतला. "काड," त्या म्हणाल्या. "गनपतीला येतील तवा, इसर्जन झालं की सुक्या कोलंबीच्या सोड्यांचा भात करून घालीन त्यांना. त्यात फिटंल."

जावयांचा राखणदार गेल्यावर घरचा राखणदार डोळे चोळत उठला आणि मी त्याला संपूर्ण तपासणीला जुंपलं. फायलीमागून फायली उलगडत त्याने दुपार केली. निकाल मोठा मजेदार होता. खरा उपद्रवी होता तो चुलत दिरांचा वेग वाढवणारा. तो गेला होता, पण त्याची पिलावळ मागे होती. गेली दोन वर्षं तोच जाहिराती सोडत होता आणि वर मीच वाचवतो म्हणत होता. त्या पिलांना राखणदाराने पकडून वेगळं कोंडलं.

"कुठं कोंडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"आतच. कोठडीत. तिथून काही करता येत नाही त्यांना."

"मग काडून टाक. घरात कशाला पोसायचं?" मी काढून टाकलं.

भोंगेवाली लाल चौकट मात्र वेगळीच निघाली. ती कुठून येते ते मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधलं. कुणीतरी एका संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी देऊन ठेवली होती. संकेतस्थळाचा विषय होता टकलावर पुन्हा केस उगवण्याचे घरगुती उपाय. मी ते मोठ्याने वाचलं. माल आत आणला कुणी, हा प्रश्न मी विचारला नाही. नवरा लगबगीने खाली गेला आणि कुणी न सांगता त्याने अंगणातल्या कुंड्यांना पाणी घातलं.

परवानगी काढून घेतली. आपोआप सुरू होणाऱ्या नको त्या गोष्टी बंद केल्या. नवऱ्याने प्रायश्चित्त म्हणून डब्याचं झाकण उघडून आतली धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडली. शनिवारी मी बटण दाबलं आणि कोथिंबिरीची जुडी सोडायच्या आत कॉम्प्युटर तयार होता.

रविवारी सासूबाई हिरवं नऊवारी नेसून वर आल्या. केसांत अबोली, नाकात नथ. पडद्यासमोर बसण्याआधी त्यांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं, मी फक्त माऊस वाचवला. कॉल लागला. तिकडचं घर असं स्वच्छ उघडलं, जसं शेजारच्या खोलीचं दार लोटावं. फुलं लावलेला पाळणा, थकलेली पण हसरी नणंद, झब्ब्यातले जावई आणि पाळण्याला हात लावून, जरीच्या साडीत ऐसपैस बसलेल्या तुडीलच्या विहीणबाई.

"आई, चित्र कसं येतंय?" जावयांनी विचारलं. "मी टाकलेलं चालतंय ना नीट?"

"लई झ्याक चाललंय, बापू," सासूबाई डोळ्याचं पातं न लववता म्हणाल्या. नवऱ्याला खोकला आला.

मग त्यांनी पाळणा सुरू केला. डोंगरातल्या वाडीत, गॅसबत्तीच्या उजेडात म्हणायच्या तोच सूर. तिकडची माणसं बोलायची थांबली. नणंदेने डोळ्यांना पदर लावला, विहीणबाईंनी हलकेच झोका द्यायला घेतला. एक शब्द तुटला नाही, एक चित्र गोठलं नाही. मीही भिंतीला टेकून उभी होते आणि काही थट्टा सुचत नव्हती.

दुसऱ्या कडव्याला जावयांनी बाळाला उचललं आणि आजीला नीट दिसावी म्हणून अगदी कॅमेऱ्याजवळ आणलं. इकडे अख्खा पडदा तिच्या चेहऱ्याने भरला. भुवया, नाक, हनुवटीवरची खळी, सगळं लख्ख. सासूबाई पुढे वाकल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. सूर मध्येच थांबला. बाळाच्या मागे, खांद्याजवळ, विहीणबाईंचं तोंड कौतुकाने पुढे आलेलं दिसत होतं. सासूबाईंनी एकदा या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्या तोंडाकडे, आणि दोन्ही देशांत नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"आगो बाय! ही तर सगळी विहीनबाईंवरच गेली गो!"