दोघांपुरतं

"थांबा ताई, टाकू नगा."

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात सहा वर्षं मी हे वाक्य रोज ऐकलं. कँटीनमध्ये पुदिन्याचे देठ, कांद्याचं बूड, सुकून गेलेला आल्याचा तुकडा, काहीही बादलीकडे निघालं की मध्ये एक तळहात आडवा यायचा. रुंद, जागोजागी भाजल्याचे डाग असलेला. तो आमच्या मेजरांचा.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत हो. फौजेत ते स्वयंपाकी होते. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला माणूस मेजरच असतो, मग त्यानं तिकडे बंदूक धरलेली असो की झारा. गाव पाटणच्या पलीकडचं. एकुलती लेक सासरी नांदत होती, पेन्शन चालू होती. गावात बसून राहवेना म्हणून आमच्या कँटीनला लागले. बायको गावीच असायची. हे कुपवाडात एक खोली घेऊन एकटे राहायचे.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. पॅकिंगला आठ तास उभं राहायचं, सांगलीपर्यंत गाडी रेटायची, घरी गेलं की पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं. वाया घालवू नको, जपून वापर, हे आम्ही बायका जन्मभर ऐकत आलो. आता मोबाईलवरसुद्धा नटूनथटून सांगतात, कांद्याचं बूड पाण्यात ठेवा आणि आठवड्यात पात खुडा. दमलेल्या बाईला ते बूड फेकून देण्यात किती सुख असतं, हे त्यांना कुणी सांगावं? पण मेजर नुसतं सांगत नसत. ते आपल्या हातातलं काढून घेत आणि पुढचं काम स्वतः करत. म्हणून माझा राग फार दिवस टिकला नाही.

मशीन शॉपमध्ये मशीनवर सोडायच्या तेलकट कूलंटचे प्लॅस्टिकचे कॅन रिकामे पडायचे. मेजरांनी ते कापून त्यांत माती भरली आणि पुदिन्याचे देठ खोचले. आठ दिवसांत सगळा पुदिना काळा पडला. पोरं हसली. मेजरांनी कॅन उलटे करून वास घेतला, आत तेलकट थर तसाच होता. "चूक माझी," ते म्हणाले, "भांडं न घासता रांधलं." मग सोडा आणि कढत पाणी घालून कॅन तीनदा घासले. पुढच्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीकडेनं पुदिना, कांद्याची पात आणि आलं यांची रांग लागली. दर शुक्रवारी जेवणात पुदिन्याची चटणी यायची, ती त्या भिंतीची.

फाटलेले सुती हातमोजेही ते सोडत नसत. मनगटाकडचा धागा हुडकून अख्खा मोजा उसवायचे, धुवायचे आणि त्या सुतानं गरम पातेलं धरायच्या चौकोनी गाद्या विणायचे. मला एक दिली होती. आमटी खारट झाली तर कणकेच्या गोळ्या सोडायच्या, चहाच्या भांड्याचा काळपटपणा लिंबाच्या सालीनं काढायचा, हे सगळं त्यांच्याकडचं. माझी आमटी आठवड्यातून एकदा तरी खारट होतेच. मीठ घातलं की नाही हेच आठवत नाही. तो दमल्याचा दोष आहे.

तर असा हा माणूस एकदा सुट्टी होताना माझ्या गाडीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, दोन माणसांच्या आमटीला मीठ किती घालायचं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, तुम्हीच अडीचशे माणसांचं करता आणि मला काय विचारता?

"म्हणून तर इचारतोय. शंभर माणसाला मूठ ठरल्याली हाय. दोघांना किती, त्ये कवा शिकलोच न्हाई."

मग कळलं. बायकोला उपचारासाठी गावाहून खोलीवर आणलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात फेऱ्या चालू होत्या आणि तिनं अन्न सोडलं होतं. डॉक्टर म्हणत, अंगात ताकद आली तरच पुढचं औषध देता येईल. म्हणजे सगळं घासावर आलेलं. मेजर सुट्टीवर घरी जायचे तेव्हा तिनं त्यांना कधी चुलीपुढे बसू दिलं नव्हतं. तीस वर्षं पलटणीला जेवू घातलं, पण बायकोच्या ताटात यांच्या हातचं पडलंच नव्हतं. आता पडत होतं, तर ती ताट सरकवत होती.

मी घाईत होते. अर्धा चमचा, म्हटलं, आणि गाडी सुरू केली. वाटेत मला माझीच लाज वाटली.

रविवारी त्यांच्या खोलीवर गेले. बाई भिंतीला टेकून बसलेल्या, अगदी वाळलेल्या. उशाजवळच्या खिडकीत फुटक्या कपात कांद्याचं बूड लावलेलं होतं. त्याची पात किती वाढली ते त्या रोज बोटानं मोजतात, असं मेजर म्हणाले. आणि शेगडीवर कँटीनमधून आणलेलं हे एवढं पातेलं. दोघांच्या फोडणीचं तेल त्यात तळाशी पसरून जळत होतं, आमटीला कडवट वास येत होता. मिठाचा प्रश्नच नव्हता. भांडंच चुकलं होतं.

मी बाईंना विचारलं, काय खावंसं वाटतं? त्यांनी कपातल्या पातीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, दोडक्याच्या शिरांची चटणी.

दुसऱ्या दिवशी कँटीनला दोडकाच होता. मेजरांनी अडीचशे माणसांच्या दोडक्याच्या शिरा खोलीवर नेल्या, तीळ आणि शेंगदाणे घालून रात्री सगळ्याची चटणी केली. स्टीलचा मोठा डबा गच्च भरला. बाईंनी डब्यात डोकावून विचारलं, "समदी पलटण जेवाय येणार हाय व्हय?" आणि हसल्या. गावाहून आल्यापासून पहिल्यांदा. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डबा बाजूला केला. उरलेली चटणी आम्ही कँटीनमध्ये बोटं चाटून खाल्ली. मेजर वाढत राहिले.

मी घरातलं लहान पातेलं आणि पळी त्यांना नेऊन दिली. तेल एवढंच, मोहरी एवढीच, असं दोन संध्याकाळी उभं राहून दाखवलं. त्यांचा हात सारखा मोठा पडायचा. मोहरी पुन्हा बरणीत टाकायचे आणि पुन्हा घ्यायचे. इतक्या मोठ्या हातांना इतकं भिताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवस रोज सुट्टी झाली की मी विचारायची, आज खाल्लं का? ते नाही म्हणून मान हलवायचे. एक दिवस मात्र म्हणाले, "काल अर्धी भाकरी खाल्ली. आमटीत कुस्करून."

मला इतका आनंद झाला की घरी गेल्यावर मी सगळ्यांना ते सांगितलं. सासूबाईंना, नवऱ्याला, अगदी फोनवर बहिणीला. अर्धी भाकरी खाल्ली म्हणे. त्या रात्री भांडी घासताना मला कंबर आठवली नाही.

आठ दिवसांनी बाई गेल्या.

तेराव्याला आम्ही पॅकिंगच्या चौघी जीप करून त्यांच्या गावी गेलो. चुलीवर गावातले आचारी होते. मेजर भिंतीशी बसलेले, हात मांडीवर पालथे. चार माणसं जेवू घालताहेत आणि हा माणूस बसून आहे, हे बघवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुमच्या हातची अर्धी भाकरी तरी त्यांच्या पोटात गेली, तेवढं समाधान मानायचं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई खाल्ली, ताई."

मला कळेना.

"त्या दिशी बी तिनं ताट सरकवलंच. तुमी रोज इचारायचा. दिसभर उभं ऱ्हाऊन तोंड पार उतरल्यालं असायचं तुमचं. रोज न्हाई म्हनवंना मला."

कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते उठून गेले. आम्ही जेवलो. परतताना जीपमध्ये बाकीच्या तिघी झोपल्या.

मेजर पुन्हा कँटीनला आले नाहीत. माझं पातेलं त्यांनी गावच्या एका माणसाच्या हाती परत पाठवलं, लख्ख घासून. मी अजून पॅकिंगलाच आहे, तशीच दमते. त्यांची बायको त्यांच्या हातचं जेवली नाही ती नाहीच. आणि घरात तसं चाललेलं असताना, मी एक संध्याकाळ तरी हलकी होऊन घरी जावं, याची काळजी त्यांनी घेतली होती. माझ्यासाठी एवढं कुणी केल्याचं मला आठवत नाही.